चौकोन मोजायचा राहिला

जॅकेटचं मधलं बटण लागलं नाही आणि आमच्या घरात आनंदीआनंद झाला. धाकटी बहीण ते पहिल्यांदाच अंगात घालून आरशासमोर उभी राहून दोन्ही हातांनी जॅकेटच्या कडा ओढत होती, आणि बटण आणि काज यांच्यामध्ये चांगली चार बोटं जागा उरत होती. दुसऱ्या कुठल्याही घरात अशा वेळी शिवणारीचा उद्धार झाला असता. इथे आई दारात आली, तिने ती चार बोटं जागा पाहिली आणि हातातलं फडकं तोंडाला लावून रडायलाच लागली. ‘अंग धरलं गं पोरीने,’ ती म्हणाली, ‘अंग धरलं!’ गोटू वळून माझ्याकडे बघायला लागली. धाकटीला आम्ही गोटू म्हणतो. लहानपणी ती खरोखरच वाटोळी होती, आणि नाव तेव्हा पडलं ते पडलंच. मधल्या आजाराच्या वर्षात ती काडीसारखी झाली तेव्हा त्या नावाने हाक मारताना आमची जीभ अडखळायची. आता तिचे डोळे मोठे झाले होते आणि माझ्यावर खिळले होते, कारण मापाच्या बाबतीत या घरात शेवटचा शब्द माझा. मी म्हटलं, ‘जॅकेट तुझ्याच मापाचं आहे. इस्पितळातून आलीस तेव्हाच्या. आता पुरत नाही, त्याला मी काय करू?’ आणि ती हसली. दात दिसेपर्यंत हसली. मग ते जॅकेट तसंच उघडं घालून घरभर फिरली, आईने केलेलं सगळं जेवली आणि परत मागून घेतलं.

हे जॅकेट आमच्यासाठी केवळ जॅकेट नव्हतं. घरात वजनकाटा नव्हता. होता, पण गोटू दिवसातून दहादा त्यावर उभी राहायची, काटा जरा मागे सरकला की जेवण टाकायची आणि पुढे सरकला की काटा बिघडलाय म्हणायची. शेवटी तिच्या डॉक्टरीणबाईंनी दटावलं की वजन फक्त दवाखान्यात, महिन्यातून एकदा, आणि काटा घरातून बाहेर. तो आईने वरच्या मजल्यावर देऊन टाकला. काटा गेला तसा गोटूला टेपचाही राग आला. माझ्या गळ्यात दिवसभर टेप असते, पोटाचा धंदा तो. पण गोटूच्या जवळ जाताना मी ती काढून खिशात घालायला शिकले, कारण ‘मला मोजू नका’ हे तिने इतक्या शांत आवाजात सांगितलं होतं की त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं. आणि आता पुढच्या आठवड्यात दवाखान्याची तारीख होती. वजन चढलं असेल तर कामावर जायची चिठ्ठी मिळणार. गोटू लिफ्ट तपासते. इमारतींच्या डोक्यावर चढून दोरखंड, कप्प्या, ब्रेक बघते, आणि त्या खोल काळ्या विहिरीत टॉर्च मारताना तिला जे सुख होतं ते तिने मला एकदा तासभर समजावलं होतं. तिची जागा तिच्यासाठी राखून ठेवली आहे, पण किती दिवस राखतील? जॅकेट त्याच कामाचं, टॉर्चसाठी आतल्या खिशाचं, तिच्या हट्टाप्रमाणे अंगासरशी बेतलेलं. त्याचं बटण लागत नव्हतं, म्हणजे ती परत जाणार. इतका सरळ हिशेब.

मी माझ्या खोलीत आले ती जवळजवळ नाचतच. मी कपडे शिवत नाही फारसे. मी कपड्यांचे कागदी नमुने काढते, पुढा, पाठ, बाही, कॉलर, नाटकवाल्यांसाठी आणि छोट्या कारखान्यांसाठी. संगणकावर आखायचे, साध्या प्रिंटरवर पान पान छापायचे, पानं चिकटवून मोठा कागद करायचा आणि कापायचा. संगणक मी स्वतः जोडलेला आहे. त्याच्या एका बाजूचं झाकण कायमचं उघडं असतं आणि आतला पंखा फिरतो तो मला शेजारी कुणी बसल्यासारखा वाटतो. पूर्वी यावर विकतची प्रणाली होती. एके दिवशी तिने जाहीर केलं की तुमचं यंत्र म्हातारं झालं, आता दुसरं घ्या. मला असा राग आला! चांगलं चालणाऱ्याला म्हातारं म्हणायचा हिला काय अधिकार? त्याच आठवड्यात मी ती पुसून टाकली आणि लिनक्स घातलं, फुकट मिळतं, उघडं असतं, पाहिजे तिथे हात घालता येतो म्हणून. हात घालावाही लागतो, ते आधी कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी आवाज गेला. दुसऱ्या दिवशी पडदा अर्धाच दिसायला लागला. मी इंटरनेटवर लिनक्सवाल्यांच्या फोरमवर रडगाणं लिहिलं तेव्हा ‘जुना खिळा’ नावाने लिहिणाऱ्या कुणा माणसाने एवढंच उत्तर दिलं होतं: तुम्हाला काय वाटतं ते नको, पडद्यावर काय आलं ते अक्षर न् अक्षर लिहा. मी चिडले. मग लिहिलं. आणि लिहिता लिहिता माझं मलाच दिसलं की आवाज बंद नव्हताच, तो मुकाट्याने दुसऱ्याच भोकातून, हेडफोनच्या, बाहेर जात होता. त्या क्षणी मला जो आनंद झाला त्याला नाव नाही. खोलीत एकटी मोठ्याने हसले. तेव्हापासून काही बिघडलं की मला आधी शिव्या सुचतात आणि लगेच हुरूप येतो, कारण या यंत्रात प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि ते कुठेतरी लिहिलेलं असतं. गोटू आजारी पडली तेव्हा मी इस्पितळाच्या त्या हिरवट भिंतींच्या बोळात बसून नेमका याचाच विचार करायचे. तिथे सगळे ‘बघू’ म्हणायचे. औषध बदलून बघू, आठवडाभर बघू. मला विचारावंसं वाटायचं, अहो, पण पडद्यावर काय आलंय? कुठली ओळ लाल झालीय? तिच्या अंगात काय चाललं होतं ते कुठेच लिहून येत नव्हतं, आणि माझ्यासारख्या मुळापर्यंत गेल्याशिवाय झोप न येणाऱ्या बाईला तिच्या उशाशी नुसतं बसायचं होतं. ते मला जमलं नाही नीट. मी बसले, पण जमलं नाही.

तर त्या दिवशी मी हुरुपातच नाटकवाल्यांचं काम काढलं. द्वारपालाचा लांब कोट होता. पानं छापली, चिकटवली, आणि खांद्याचा तुकडा पुठ्ठ्याच्या पक्क्या साच्यावर ठेवला. हा साचा मी वर्षानुवर्षं वापरते, डोळे मिटून ठेवला तरी कडेला कड बसते. बसली नाही. कागदाची कड पुठ्ठ्याच्या आत पडली. मी कागद सरकवला. मग एक बाजू बसली आणि दुसरी आणखी आत गेली. मी तशीच उभी राहिले. खिडकीतून समोरच्या बांधकामावरचा ठोक ठोक आवाज येत होता, आई स्वयंपाकघरात कुणाला तरी फोनवर सांगत होती, ‘बटण लागेना म्हणजे बघा!’

आमच्या धंद्यात एक चौकोन असतो. नमुन्याच्या पहिल्या पानावर दहा सेंटिमीटरचा एक साधा चौकोन छापलेला असतो, आणि त्याचं काम एकच: छापून झालं की आधी तो मोजायचा. दहा भरला तर कात्री उचलायची, नाही भरला तर पानं रद्दीत. शिकाऊ मुलींना मी हे पहिल्या दिवशी सांगते. आणि मी स्वतः तो कधीपासून मोजला नव्हता, देव जाणे. प्रिंटर तोच, फाइल तीच, बाई तीच. रोज काय मोजायचं? आता मी पट्टी घेतली आणि कोटाच्या पहिल्या पानावर ठेवली. नऊ सेंटिमीटर आणि चार मिलिमीटर. पट्टी उलटी करून ठेवली. तेवढंच. दाराच्या मागे खिळ्याला गोटूच्या जॅकेटचा कागद टांगलेला होता, पाठीच्या तुकड्यावर त्याचाही चौकोन होता, चार पावलांवर. मी तिकडे गेले नाही. मी स्वतःला सांगितलं की आधी बिघाड शोधू, तो आजचाच असेल, ताजा असेल, जॅकेट तर त्याआधीच छापून कापलेलं. खुर्चीत बसले आणि बाह्या वर केल्या.

आणि काय सांगू, मजा यायला लागली. लाज वाटते, पण यायला लागली. पहिला संशय प्रिंटरवर. त्याचं कागद ओढणारं रबर गुळगुळीत झालं की तो घसरतो, हे मला माहीत होतं. झाकण उघडलं, ओलं फडकं घेऊन रबर पुसलं, फडक्यावर काळा पट्टा आला, बरं वाटलं. परत छापलं, परत नऊ-चार. मग डोकं चालवलं. रबर घसरलं असतं तर चौकोन उंचीला आखूड झाला असता, रुंदी तशीच राहिली असती. हा दोन्हीकडून सारखाच आकसला होता. म्हणजे यंत्राचे हातपाय ठीक आहेत, त्याला कुणीतरी आतून सांगतंय की लहान छाप. रबर सुटलं! आरोपी एक कमी झाला की जो झटका बसतो अंगाला, तो बसला. मग फाइल पडद्यावर उघडून तिथला आकार तपासला. फाइलमध्ये चौकोन पुरता दहाचा. फाइलही सुटली. उरली मधली वाट, फाइल आणि प्रिंटर यांच्यामधली. छपाईची खिडकी उघडून एकेक खूण वाचायला लागले, आणि जिथे आमचा नेहमीचा कागद लिहिलेला असायला हवा तिथे दुसऱ्याच कागदाचं नाव होतं. माझ्या कपाटात कधीही नसलेला एक परका कागद, आमच्याहून जरा रुंद आणि बराच आखूड. मी नाव बदललं, खिडकी मिटली, परत उघडली, तर पुन्हा तो परकाच हजर. म्हणजे इथे कुणी तरी मागून त्याला सारखं बसवतंय. ‘थांब, बघते तुला,’ मी मोठ्याने म्हटलं. काळी खिडकी उघडली, जिच्यात नुसत्या ओळी लिहायच्या असतात, आणि प्रणालीलाच विचारलं की बाई गं, तुझा ठरलेला कागद कोणता? तिने एका शब्दात उत्तर दिलं. तोच.

मग आठवलं, आणि आठवलं तशी मी टेबलावर हात आपटला. मोठं अपडेट आलं होतं. ते चालू असताना मध्येच प्रणालीने विचारलं होतं, या एका फाइलमध्ये तू पूर्वी बदल केलेले आहेत, तुझी जुनी ठेवू की आमची नवी घालू? शहाणा माणूस इथे थांबतो, फरक वाचतो. मला घाई होती आणि नवं ते चांगलं असणार अशी काहीतरी वेडी समजूत, म्हणून मी ‘नवी’ म्हटलं होतं. माझ्या हाताने मी माझा कागद घालवला होता. तेव्हापासून माझं प्रत्येक पान त्या आखूड परक्या कागदात मावावं म्हणून निमूटपणे थोडं आकसून बाहेर पडत होतं. सापडलं! पूर्ण, मुळापर्यंत, कुठेही गाठ न राहता सापडलं. मी एक ओळ लिहून कागद परत आमचा केला, चौकोनाचं पान छापलं, पट्टी लावली, आणि दहा. अगदी दहा. मी दोन्ही हात वर केले. आणि हात वरच असताना मला दारामागचा खिळा दिसला.

अपडेटची तारीख यंत्रात लिहिलेली असते. बघायची गरज नव्हती, जॅकेटचा चौकोनच सांगणार होता. मी उठले, जॅकेटचा कागद खाली घेतला आणि जमिनीवर पसरून गुडघ्यावर बसले. पट्टी ठेवायच्या आधी मी देवाला म्हणाले, एवढं एक चुकव. नऊ-चार. कागद हसतही नव्हता, रडतही नव्हता. म्हणजे जॅकेटच लहान होतं. गोटूने अंग धरलं नव्हतं, माझ्या छपाईने माप सोडलं होतं. आई फोनवर ज्यांना ज्यांना सांगत होती त्या सगळ्यांना ती माझी छपाईची चूक सांगत होती. आणि पुढच्या आठवड्यात काट्यावर उभी राहून गोटूला ते कळणार होतं, परक्या खोलीत, परक्या माणसांसमोर, अंगावर ते उघडं जॅकेट घालून. मी तिथेच बसून राहिले. एक वाट होती, काही न बोलण्याची. ती जेवत होती ना? आज किती दिवसांनी मागून घेऊन जेवली. खोट्यावर जेवली तरी अन्न खरंच आहे. आठवडाभर जेवेल, तेवढंच चढेल. मी हे मनात नीट, पायरी पायरीने मांडत होते, आणि प्रत्येक पायरीला मला तिच्या उशाशी ‘बघू’ म्हणणारे ते सगळे चेहरे दिसत होते.

‘काय गं ताई, एवढा कागद काय सांडलायस?’

ती दारात होती. जॅकेट अजून अंगातच. तिने जमिनीवरचा तिचा कागद ओळखला, पट्टी पाहिली, माझं तोंड पाहिलं. लिफ्ट तपासणारी बाई. कुठे काय सैल आहे ते तिला आवाजावरून कळतं.

‘माझं माप चुकलंय का?’ तिने विचारलं.

‘तुझं नाही. छपाईचं.’ मग मी सगळं सांगितलं. कागद, अपडेट, नवी फाइल, चौकोन. मध्ये थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं. ती स्टुलावर बसली. तिने जॅकेट काढलं, उलटं केलं, खांद्याची शिवण बोटाने चाचपली, जणू त्यात काही दोष सापडला तर बरं.

‘म्हणजे मी होते तेवढीच आहे.’

‘मला माहीत नाही.’

‘माहीत नाही काय? सांगतेस ना, कपडाच लहान होता म्हणून.’ तिचा आवाज चढला. ‘आणि तू हे मला सांगायला आली नाहीस. मी आले म्हणून सांगितलंस. आईला सांगितलंस?’

‘नाही.’

‘नको सांगूस. ती गावभर सांगून मोकळी झालीय.’ तिने जॅकेट परत सुलटं केलं. समोरचं ठोक ठोक थांबलं होतं, संगणकाचा पंखा तेवढा फिरत होता. ‘आता बरोबर छापतोय तो?’

‘आता दहाला दहा.’

‘मग परत छाप. जुन्या चादरीचं शिव, कच्चं. मला आजच बघायचंय. त्या काट्याने सांगायच्या आधी मला माझ्या घरात कळू दे.’

मी छापलं. ती स्वतः एकेक पान उचलून देत होती, आणि पहिलं पान हातात आलं तेव्हा तिने पट्टी घेऊन चौकोन चारही बाजूंनी मोजला. मी चिकटवलं, कापलं, जुनी चादर पसरली, नुसता पुढा आणि पाठ, बाह्या नाहीत, अस्तर नाही, मोठ्या मोठ्या टिपा मारल्या. मशीन इतकी पळवली की सुई तुटेल असं वाटलं. मला थांबावंसं वाटत नव्हतं, मला बघायचंच होतं, वाईट असलं तरी बघायचं होतं. बटण एकच लावलं, मधलं.

तिने घातलं. आरशाकडे गेली नाही, माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. कडा ओढल्या आणि बटण काजात घातलं. लागलं. एकदम लागलं, न अडता.

‘लागलं,’ ती म्हणाली. तिचे खांदे खाली आले. ‘बघ. आहे तेवढीच. काढते.’

‘थांब.’

‘कशाला थांबू?’

‘हलू नकोस, गोटू.’ मी तिच्यापुढे गुडघ्यावर बसले. बटणाच्या दोन्ही बाजूंना चादरीवर आडव्या चुण्या पडल्या होत्या, बटणापासून निघून कुशीपर्यंत गेलेल्या, बारीक पण ताठ. मी हा कपडा बेतला होता तो अंगासरशी, पण श्वासापुरती जागा ठेवून. त्या मापाची बाई आत असती तर कापड सपाट पडलं असतं आणि वर दोन बोटं आत गेली असती. मी बोटं घालून पाहिली. जात नव्हती. ‘श्वास सोड.’

‘सोडलाय.’

‘पोट पुढे काढलंयस का?’

‘नाही गं! काय झालं?’

‘चुण्या बघ. या बघ, आणि इकडे या. कापड ताणलंय. लागलं, पण ओढून लागलंय.’

तिने मान खाली घालून बघितलं. तिला चुण्या वाचता येत नाहीत, पण माझा आवाज वाचता येत होता. ती एका चुणीवर बोट ठेवून उभी राहिली. मग तिने हळू विचारलं, भीत भीत, ‘हे पण तुझ्या मशीनचंच असेल ना काहीतरी?’

‘मशीन आता बरोबर आहे. तू स्वतः मोजलास ना चौकोन? मशीनची चूक तिथे संपली,’ मी म्हटलं, ‘ही तू आहेस.’

तिचं तोंड वाकडं झालं, आणि ते रडण्याचं की हसण्याचं ते ठरेना. मला तर सरळ रडूच येत होतं. तिने हात पुढे केला. ‘टेप आण,’ ती म्हणाली.

माझ्या खिशात होती. मी तिच्या कमरेभोवती घातली, आकडा वाचला आणि तिला दाखवला. तिने तो दोनदा वाचला. मग मी तिचा हात धरून तिला पडद्यापाशी आणलं, जॅकेटची फाइल उघडली आणि मापांमधला इस्पितळातला आकडा खोडून आजचा लिहिला. या प्रोग्रॅममध्ये माप बदललं की आखणी आपली आपण हलते. पुढा, पाठ, कुशीची रेघ, सगळ्या रेघा एकदम बाहेर सरकल्या, जरा जराशा, आणि थांबल्या.

‘परत कर,’ गोटू म्हणाली.

मी जुना आकडा लिहिला, मग पुन्हा नवा. रेघा आत आल्या आणि बाहेर गेल्या.

‘परत.’

तिसऱ्यांदा केलं. मग तिने मला खांद्याला धरून खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसली, आणि आईला बोलव म्हणाली.